अध्यक्षांनी ओ दिली

परवा गावातली पोरं माझ्याकडे आली होती. नव्या मैदानावर सोमाजीभाऊंचा फोटो लावायचा म्हणतात, आणि त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला जुन्या माणसांपैकी कोणी उरलं नाही. मी सामने खेळले नाहीत, पण चुकवलेही नाहीत. बाईमाणसाने मैदानावर जायचं नाही अशा काळात मी शेळ्या राखण्याच्या निमित्ताने लगतच्या शेताच्या धुऱ्यावर बसून आमच्या फुटबॉल मंडळाचा एकूण एक सामना पाहिला आहे. पोरांनी विचारलं, "आत्या, ते अध्यक्ष म्हणून कसे होते?" मी म्हटलं, चहा घ्या आधी. कारण हा प्रश्न मला आयुष्यभर छळत आला आहे, आणि त्याचं उत्तर माइकसमोर उभं राहून देण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव मूलच्या पलीकडे, धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं तिथलं. घर शेवटच्या आळीत. माय, बाबा, माझ्याहून थोडा मोठा भाऊ गणू आणि मी. घरापुढची सपरी ऐसपैस होती, म्हणून सामना झाला की सगळी टीम आमच्याकडेच जेवायला टेकायची. माय चुलीवर मोठं गंज चढवायची, त्यात लाखोळीची डाळ शिजायची, तिचा घट्ट पिवळा वास घरामागच्या सांदवाडीपर्यंत जायचा. सोबत भात, जवसाची चटणी आणि भेदरं, म्हणजे टमाटे, चिरून त्यात कच्चा कांदा. पोरं इतकी जेवायची की माय कौतुकाने रागवायची. मी पत्रावळी टाकता टाकता त्यांच्या चुका काढायची. उजव्या बाजूने सगळं मोकळं होतं, तिकडे कोणाला दिसलं कसं नाही, असं मी म्हटलं की गणू म्हणायचा, हिला घ्या बा टीममध्ये, नाहीतर ही आपल्याला जेवू देणार नाही.

सोमाजीभाऊंची धानाची चक्की होती. दिवसभर तिची फकफक गावभर ऐकू यायची आणि दुपार कलली की ती एकाएकी बंद पडायची. तो आवाज थांबला की समजायचं, अध्यक्ष मैदानावर निघाले. मग घराघरातून पोरं बाहेर पडायची. भाऊ अंगाने जाड, धोतर खोचलेलं, अंगावर कोंड्याची भुकटी आणि हातात बारा महिने छत्री. तरुणपणी चांद्याकडे खाणीत होते, तिथे फुटबॉल पाहिला आणि तो गावात आणला. आमच्या भागात कबड्डीला माणसं मरतात, तिथे या माणसाने पोरांच्या पायात चेंडू दिला, हे त्यांच्या जमेचं पहिलं. मैदान मात्र त्यांनी निवडलं आखरावर. सकाळी गावची ढोरं चरायला जाण्याआधी जिथे जमतात ती जागा, सपाट, कडक, कोणाच्याच मालकीची नाही. एका गोलाच्या मागे दहा पावलांवर पळसाची झुडपं, आणि त्यांच्या मागे जंगल. हे त्यांच्या उधारीचं पहिलं, आणि मी ते त्यांना बरीच वर्षं माफ केलं नाही.

इथे बाहेरच्या माणसाला एक सांगायला हवं. आमच्याकडे लेकरू चालायला लागलं की त्याला शिकवतात की रानातून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. थांबायचं. ओळखीचा माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतोच. दुसरी हाक आली की मग बोलायचं. वाघाने नेलेला माणूस त्या जागी अडकून राहतो आणि ओळखीच्या आवाजात एकदाच हाक मारतो, असं म्हातारी माणसं सांगायची. खरं-खोटं मला विचारू नका. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया आजही असंच वागतात, खिशात मोबाइल असला तरी. पण फुटबॉलमध्ये काय चालतं? तिथे पहिल्या हाकेलाच धावावं लागतं. "गणूऽ, दे!" म्हटलं की दिलाच पाहिजे, थांबून दुसऱ्या हाकेची वाट पाहिली तर चेंडू गेला. रानाने जे शिकवलं ते खेळाने पोरांच्या अंगातून काढून टाकलं, आणि खेळ चालायचा रानाच्या तोंडाशी. हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही, अध्यक्षांच्याही नाही.

आमचा गोलकीपर होता रघू. बाप लहानपणीच गेलेला, माय आणि तो. लांब हातांचा, लाजाळू, जेवताना सगळ्यांच्या मागे बसायचा. धान कापून झाल्यावरची संध्याकाळ होती. सरावात एक चेंडू गोलावरून पळसात गेला. मागे गेलेला चेंडू गोलकीपरनेच आणायचा ही रीत, म्हणून रघू गेला. मी धुऱ्यावर होते. तो झुडपांपाशी थबकला, आणि मग मोठ्याने म्हणाला, "आलो माय." आणि आत गेला. मला वाटलं त्याची माय सरपणाला आली असेल. गोलाजवळच्या दोन पोरांनी हाक ऐकली होती, अगदी त्याच्या मायचाच आवाज, असं ती नंतर सांगत. खेळ थोडा वेळ थांबला, मग कोणी म्हणालं, काय करून राह्यला गा हा इतका वेळ? तेवढ्यात वानरं एकदम ओरडायला लागली.

रघूची माय तेव्हा आमच्या सपरीत बसली होती. माझ्या मायसोबत डाळ निवडत होती. मी पळत घरी आले तेव्हा तिच्या मांडीवर सूप होतं आणि ती माझ्याकडे पाहून हसली. ते हसू मी अजून विसरले नाही.

वाघाने मारलेल्या रघूला जंगलातून सोमाजीभाऊंनी आणलं. लोक डफ, टेंभे घेऊन जमेपर्यंत ते थांबले नाहीत, छत्री घेऊन एकटेच आत शिरले आणि खांद्यावर घेऊन बाहेर आले. मागाहून कोणीतरी चेंडू आणला. त्याच्यावर कसलाच डाग नव्हता. वाघाने त्याला धरलं त्या पळसापाशी आमच्या रीतीप्रमाणे लोक झाडाची फांदी टाकायला लागले. तिथून जाणारा येणारा प्रत्येक जण एक फांदी तोडून त्यावर ठेवतो आणि नाव न घेता पुढे जातो. थोड्याच दिवसांत तिथे वाळक्या पानांचा ढीग झाला. वारा नसला तरी तो ढीग खसखसायचा. शेळ्या त्या बाजूला तोंड घालत नसत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गावाला वाटलं, आता मैदान हलणार. माझे बाबा, पोलीस पाटील, दोन-चार शहाणी माणसं भाऊंकडे गेली. रस्त्याच्या कडेला पडीक जागा होती, ती घ्या म्हणाली. भाऊ ऐकेनात. मैदान इथेच राहील, एवढंच बोलले. कारण विचारलं तर चक्की सुरू करून द्यायचे, म्हणजे बोलणंच ऐकू येऊ नये. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. माझा भाऊ त्या मैदानावर खेळत होता, आणि हा माणूस आपल्या हट्टापायी सगळ्यांच्या जिवाशी खेळतो आहे असं मला वाटायचं. मायने गणूला कोंडून ठेवायचा प्रयत्न केला. पण त्या वयातल्या पोराला काय कोंडणार? तो भिंतीवरून उडी मारून जायचा, आणि मी त्याच्यावर लक्ष ठेवायला शेळ्या घेऊन मागे जायची.

मैदान हलवलं नाही, पण भाऊंनी नियम केला. आखरावर पाय ठेवला की कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची नाही, ओ द्यायची नाही. जो बोलेल तो टीमबाहेर. आणि पळसाकडे गेलेला चेंडू फक्त अध्यक्ष आणतील, खेळ चालू असताना दुसरं कोणी गोलामागच्या रेषेच्या पलीकडे जाणार नाही. पोरं आधी हसली. मग सवय झाली. चेंडू हवा असेल तर मांडीवर थाप मारायची, मागे सोडायचा असेल तर दोन थापा. एवढ्यावर सगळं चालायचं. तुम्ही कधी मुका फुटबॉल पाहिला आहे का? मैदानभर तरणीताठी पोरं धावताहेत आणि आवाज फक्त पायांचा, श्वासांचा आणि चेंडूचा. गोल झाला तरी कोणी ओरडायचं नाही. एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून परत आपापल्या जागी जायचे. बाहेरगावच्या टीम यायच्या, सुरुवातीला आरडाओरडा करायच्या. जरा वेळ गेला की त्यांचेही आवाज बसत जायचे. एकदा चिमूरकडचा एक कॅप्टन सामना संपल्यावर मायच्या हातचं जेवताना हळूच म्हणाला, आम्हाला सारखं वाटत होतं की तुमचा एक गडी जास्त आहे.

हेही सांगते, आम्ही जिंकायला लागलो. का, ते सांगता येत नाही. नाव घेतल्याशिवाय खेळायचं तर नजर सगळीकडे ठेवावी लागते, कदाचित त्यामुळे असेल. लांबून लोक पाहायला यायचे. पण अध्यक्ष म्हणून भाऊंच्या चुका काही कमी नव्हत्या, त्याही लिहून ठेवते, नाहीतर फोटोला हार घालणाऱ्यांना वाटेल देवमाणूस होता. पुतण्याला कुवत नसताना पुढे खेळवायचे. बाहेरच्या स्पर्धांना टीम पाठवायचे नाहीत, सामना घ्यायचा तर आमच्याकडे या म्हणायचे. त्यापायी दोन चांगले गडी कंटाळून खाणीच्या टीमकडे निघून गेले. कोणी सल्ला दिला की छत्री उघडून बसायचे. मी गणूजवळ रोज त्यांना शिव्या द्यायची. गणू म्हणायचा, तू म्हाताऱ्याले चेंडू आणताना पाह्यलं काय कधी? मी पाहिलं होतं. रघू गेल्यापासून मी तर सगळ्यांत जवळ बसायची. चेंडू पळसात गेला की भाऊ खुर्चीतून उठायचे, छत्री टेकत सावकाश जायचे, आणि आत शिरल्यावर त्यांचं काहीतरी पुटपुटणं सुरू व्हायचं. देवाचं नाव घेत असतील असं मी समजून चालले. यायला मात्र वेळ लावायचे, आणि तोवर दोन्ही टीम मैदानावर गप उभ्या राहायच्या.

आता त्या सामन्याचं. कुरखेड्याकडची टीम आली होती. पोरं दणकट, रानातलीच, त्यामुळे त्यांना आमचा नियम समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी सामन्याआधी आपण होऊन त्या ढिगावर फांद्या टाकल्या. हिवाळ्याचे दिवस, ऊन लवकर पिवळं पडायचं. भाऊंचा गुडघा सुजला होता. चक्कीत पाय घसरून पडले होते, खुर्चीपर्यंतही दोघांनी धरून आणलं होतं. बरोबरी चालली होती, वेळ संपत आली होती, आणि गणू त्या दिवशी असा खेळत होता की मी शेळ्या कुठे गेल्या तेही पाहत नव्हते. त्याने मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या बांबूला लागला आणि उसळून पळसात गेला.

भाऊ उठायला लागले. गुडघा त्यांना उठू देईना. एकदा उठले, पुन्हा बसले. गणूला धीर कुठला, त्याने एकदा भाऊंकडे पाहिलं आणि धावत सुटला. पोरांनी मांड्यांवर थापा मारल्या, मागे ये, मागे ये. त्याने ऐकलं नाही. रेषा ओलांडली. झुडपांपाशी पोचला.

आणि आतून मी त्याला हाक मारली.

दुसरं कसं लिहू? तो माझाच आवाज होता. घरी जेवायला बोलावताना मी जशी नावाचा शेवट ओढायची तसाच. "गणूऽ, ये ना गा लवकर." मी धुऱ्यावर बसलेली होते. तोंडात बोराची बी होती, दात मिटलेले होते. माझा गळा, माझी जीभ काही हललं नव्हतं, आणि माझा आवाज तिकडून येत होता, लाडात, थोडा रागात, जसा मी रोज काढते तसा. मैदानावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला ओरडायचं होतं की ती मी नाही. पण मी ओरडले असते तर तोच आवाज निघाला असता. गणूला दोन्हीकडून बहिणीची हाक आली असती, आणि त्याने कोणती खरी धरली असती?

गणूनेही वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही, नाही, म्हणून. त्याने ती पाहिली असं मला वाटतं. पण त्याचं तोंड उघडलेलं होतं. नियमाआधी वर्षानुवर्षं पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय लागलेलं तोंड ते. त्याचा श्वास आत गेलेला मला इथून दिसला. आता तो 'आलो' म्हणणार आणि माझा भाऊ मला परत मिळणार नाही, हे मला स्वच्छ कळलं.

"ओ!"

इतक्या दिवसांत त्या मैदानावर आमच्यापैकी कोणी तोंडातून शब्द काढला नव्हता. तो आवाज गोळी सुटावी तसा आला. सोमाजीभाऊ खुर्ची सोडून उभे होते.

"ओ रे बाबू, मी आलो. त्याले नको बलावू. मी येऊन राह्यलो."

लंगडत, छत्री टेकत ते मैदान आडवं तुडवत गेले. कोणाची हात धरायची हिंमत झाली नाही. गणूपाशी पोचल्यावर त्यांनी त्याच्या छातीवर पंजा ठेवून त्याला मागे ढकललं, इतक्या जोरात की तो रेषेच्या आत येऊन पडला. मग ते पळसात शिरले. पानांचा आवाज आला, मग तोही बंद झाला. मी उठून गणूजवळ गेले आणि त्याचा दंड धरून उभी राहिले. नियम होता ना बाईमाणसाने मैदानात न येण्याचा, पण त्या दिवशी मला कोणी काही म्हटलं नाही. कुरखेड्याची पोरं खाली बसली होती, एक जण हात जोडून होता. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. मग भाऊ आले. काखेत चेंडू होता. त्यांनी तो धोतराने पुसला, पंचाच्या हातात दिला आणि म्हणाले, खेळा. ते खेळलेही. निकाल मात्र मला विचारू नका. माझ्या आयुष्यातला तो एकच सामना, ज्याचा निकाल मला आठवत नाही.

त्या दिवशी माय जेवू घालताना गणूचा हात सोडेना. एका हाताने त्याचं मनगट धरून दुसऱ्या हाताने वाढत होती. मी घरात बोलायला लागले की गणू दचकायचा, म्हणून मी बरेच दिवस त्याच्याशी समोर जाऊन, त्याला तोंड दिसेल अशी बोलायची. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी स्वतः गोलाचे बांबू उपटले आणि बैलगाडीत टाकून रस्त्याकडच्या पडीक जागेवर नेले. एवढी माणसं जाऊन हलला नव्हता, तो माणूस एका दिवसात हलला. मी मनात म्हटलं, अक्कल आली, पण माझ्या भावाचा जीव टांगणीला लागल्यावर. नव्या मैदानावर नाव घ्यायला मोकळीक होती. पण पोरांच्या तोंडून हाक फुटेना. ती मांड्याच थोपटत राहिली.

मग भाऊंचं ते सुरू झालं. चक्कीत धान ओतता ओतता एकदम थांबायचे, जंगलाकडे मान वळवायचे आणि म्हणायचे, "ओ, येतो गा, थांब जरासा." समोर बसलेल्याला काहीच ऐकू आलेलं नसायचं. पंगतीत जेवताना, लग्नात, मयतीला, कुठेही. आवाजात भीती नसायची. दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला सांगावं तसं सांगायचे. त्यांच्या घरची काकू मायजवळ येऊन रडायची. चांद्याला नेऊन कान तपासले, डॉक्टर म्हणाले कान ठणठणीत आहेत. हळूहळू लोक चक्कीवर जायचं टाळायला लागले, धान दुसरीकडे नेऊ लागले. मंडळाची बैठक झाली आणि अध्यक्ष बदलला. भाऊ तिथेच बसून होते, नव्या अध्यक्षाला त्यांनी स्वतः नारळ दिला. मला मत नव्हतं. असतं तर मी त्यांनाच दिलं असतं, शिव्या देत देत दिलं असतं. कारण तोवर मला एक गोष्ट दिसली होती. ती हाक गणूसाठी होती, ती त्यांनी आपल्या अंगावर घेतली होती, आणि रोज पुढे ढकलत होते.

ते जुन्या आखरावर एकटेच जाऊन बसायचे. ढोरंही आता दुसरीकडे जमत. रिकाम्या मैदानात एक खुर्ची आणि तिच्यात हा माणूस. वर्षं गेली. त्या दिवशी खेळलेली पोरं एकेक करून गावातून निघाली. गणू बल्लारपूरकडे कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं. माझंही झालं, मी सिंदेवाहीकडे गेले. कोणी गाव सोडून गेला की भाऊ त्याला फाट्यापर्यंत सोडायला जायचे आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे, असं माय सांगायची. मला वाटलं, म्हातारपणी माया वाढते माणसाची.

ते गेले ते असे, की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी मी माहेरी आले होते तेव्हा एका सकाळी रघूच्या ढिगापाशी, पळसाला टेकून बसलेले सापडले. अंगावर ओरखडा नव्हता. वाघाचा माग नव्हता. छत्री शेजारी नीट मिटून ठेवलेली होती. एवढं सगळ्या गावाला माहीत आहे. आदल्या संध्याकाळचं फक्त मला माहीत आहे, आणि ते मी आजवर गणूलाही सांगितलेलं नाही.

मायच्या शेळ्या आणायला मी त्या बाजूला गेले होते. भाऊ खुर्चीत बसले होते. मला पाहून हसले, बस म्हणाले. गणूचं कसं चालून राह्यलं, पोरंबाळं बरी आहेत का, विचारलं. मग म्हणाले, त्या सामन्यातला शेवटचा गडी केशव, तोही परवा सासरवाडीला राहायला गेला, आता त्या दिवसाचं इथी कोणी राह्यलं नाई, आता मी मोकळा. मी म्हटलं, भाऊ, थंडी पडून राह्यली, चला घरी, काकू वाट पाहत असंल. ते उठले, पण गावाकडे वळले नाहीत. मला काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांचा राग तोंडातून निघाला. मी विचारलं, "भाऊ, तवा मैदान काऊन नाई हलवलं तुमी? रघू गेला तवाच काऊन नाई?"

त्यांनी झाडांकडे पाहिलं.

"त्याले मीच इथी उभं केलं होतं ना बाई, गोलात. पोरं खेळत होती तवरी त्याले वाटे, आपण टीममंदीच आहो. चेंडू आणाले गेलो की मी त्याले सांगो, कोणाचा गोल झाला, कोण कसा खेळून राह्यला. गणूच्या वक्ताले समजलं, त्याले आता एकट्याले राहवत नाई, तो नेईनच एखाद्याले. म्हून तुमाले दूर नेलं. पण मंग तो एकदमच एकटा पडला." मग म्हणाले, "तोबी आपल्याच मंडळाचा पोट्टा होय. त्याच्याकडं कोण पाहीन?"

मला काहीच ऐकू आलं नाही. पानही हललं नाही. पण भाऊंची मान वळली, आणि त्या दिवशी ते 'थांब' म्हणाले नाहीत. धोतर खोचलं, छत्री घेतली आणि पळसाच्या रेषेकडे चालू लागले. मागून हाक मारली असती तर थांबले असते की नाही, माहीत नाही. मी मारली नाही. मला भ्यायला हवं होतं, पण माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला रघूसाठी बरं वाटत होतं.